कामी आला

बैल एकाएकी थबकले, म्हणून सुलानं मान वर केली.

कृष्णेच्या उतारावर, ऐन वाळूत, एक गाडी रुतून बसली होती. गाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी बोजड... आणि चाकापाशी खाकी सदरे घातलेली दोन माणसं. एकानं चाकाला खांदा लावला होता. दुसरा बैलांपुढं ताठ उभा राहून, हुकूम सोडावा तसा हात करत होता. बैल त्याच्याकडं शांतपणे बघत रवंथ करत होते.

चैत्राचं ऊन चढायला लागलं होतं. सुला पलीकडच्या काठावरून, मावशीच्या गावाहून, एकटीच गाडी हाकत घरी निघाली होती. उताराची वाट तेवढी एकच.

"गाडी बाजूला घ्या की जरा," ती म्हणाली.

"बाजूला जात असती तर म्होरंच गेली नसती का?" हुकूम सोडणारा वळून म्हणाला. उंच, सडपातळ, उन्हानं रापलेला... आणि हनुवटीला वाळू चिकटलेली.

"हाय काय एवढं त्यात?"

"इंजन. तेलावर चालतं. नदीचं पानी उचलून वर मळ्यात टाकतं. धा बैलांचं काम एकटं करतं."

सुलानं ताडपत्रीकडं पाहिलं, मग बैलांकडं पाहिलं. "धा बैलांचं काम करतं, तर मग दोन बैलांच्या जिवावर कशापाई बसलंय?"

चाकापाशी बसलेला काळासावळा माणूस खदखदून हसला. "घे, किस्नात. जर्मनाला भ्याला न्हाईस, आता हितं हत्यार टाक."

सुला खाली उतरली. तिनं आपल्या गाडीतल्या तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, काढून चाकांपुढं अंथरल्या, आपले बैल सोडून त्यांच्या बैलांपुढं जुंपले आणि कासरा हातात घेतला. उंच माणूस पुन्हा हात वर करायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. त्यास्नी फौज ठावं न्हाई." मग ती बैलांशी हळूच काहीतरी बोलली. गाडी कुरकुरली, कलली... आणि वर आली.

"गाव कंचं तुमचं?" त्यानं विचारलं.

"भवानवाडी. तात्याबांचा मळा."

त्यानं घाईनं हनुवटी पुसली. "म्हंजे नाथाजीची भन? त्यो बैल आनायला म्होरं गेलाय. भन हाय म्हनला व्हता... अशी हाय, ह्ये न्हाई सांगितलं."

"अशी म्हंजे कशी?"

तो जरा घुटमळला. "बैल हाकनारी—"

सुलानं तोंड वळवलं. हसू आलं होतं, आणि ते अनोळखी माणसाला दाखवायचं नव्हतं.

*

ते साल एकोणीसशे शेहेचाळीस. लढाई संपून गावोगावचे जवान घरी येत होते. सुलाचा भाऊ नाथाजी, तासगावकडचा कृष्णात आणि आटपाडीच्या माळावरचा कोंडीबा, हे तिघे इटलीत फौजेचे पंप चालवणारे. डोंगराच्या पायथ्याचं पाणी नळानं वर चढवायचं, हे त्यांचं काम. तिथं नाथाजीच्या मनात एक गोष्ट सारखी यायची. परक्या मुलखात आपण पाणी डोंगरावर नेतो, आणि घरी नदी उशाला असून मळा मोटेवर तगतो. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी. बैल दिवसभर ती ओढत आणि मळ्याचा एक तुकडा भिजे.

फौजेनं नको असलेलं सामान लिलावात काढलं, तेव्हा तिघांनी मिळून एक इंजन आणि पंप घेतला. त्यांचा बेत साधा होता. आधी तात्याबांचा ऊस भिजवून दाखवायचा. तो बघून बाकीचे शेतकरी आले, की नदीकाठच्या गावांना पंप बसवून द्यायचे, दुरुस्त करायचे, चालवायला शिकवायचं. कोंडीबाचा जीव त्याच्या कोरड्या माळावर होता. "धा वर्सांनी का हुईना, आमच्या मेंढरास्नी पाटाचं पानी पाजीन," तो म्हणे.

इंजन नदीच्या दरडीवर बसलं. पहिल्या दिवशी सगळं गाव जमलं. कृष्णातनं गर्दीकडं पाहिलं आणि नेमकं सुलाला म्हणाला, "घागर आना भरून. पंपात वता."

"पानी देतंय म्हनालात, मग ह्येलाच पानी कशाला?"

"आदी थोडं पाजावं लागतं, मंग ते ओढतं. कोरड्या घशानं कुनाला काम हुतं?"

तिनं घागर ओतली. कृष्णातनं चाक फिरवलं, इंजन खोकलं, धुराचे गोळे सोडले आणि धडधडायला लागलं. नळाच्या तोंडातून पाण्याचा मनगटाएवढा, मग मांडीएवढा लोट बाहेर पडला. बघणारी माणसं दोन पावलं मागं सरली. सुलाचे वडील तात्याबा मात्र पुढं गेले, ओंजळ भरून घेतली आणि उसाकडं तोंड करून उभे राहिले. "चंद्रे, बगितलंस का?" एवढंच ते म्हणाले.

चंद्राबाई म्हणजे सुलाची आई. तिला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

*

मळ्यात दारं धरायचं काम सुलाचं. पाटाचं पाणी एका वाफ्यात पुरतं भरलं, की फावड्यानं माती ओढून ते तोंड बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. मोटेवर पाणी हळू येई. इंजनाचं पाणी मात्र पळत येई, आणि सुलाला त्याच्यामागं पळावं लागे.

"तुमच्या इंजनाला दम न्हाई का?" ती दरडीवर येऊन विचारी.

"हाय की. पन तुमी दमलेलं त्याला बगायचं असतं."

"त्याला का तुमाला?"

तो तेलानं माखलेला हात फडक्याला पुसत राही. पुसून झाला तरी पुसत राही... "इंजन माजंच हाय. त्याच्या मनात काय, ते मला ठावं असतं."

दुपारी इंजन थंड व्हायला बंद ठेवत. मग एकदम सगळं गप्प होई. नदीवरचा वारा उसात शिरलेला ऐकू येई. सुला न्याहारीची भाकरी घेऊन येई. नाथाजी आणि कोंडीबा खाऊन बाभळीखाली पडत. कृष्णातची भाकरी मात्र लवकर संपत नसे. सुला विचारी, आणि तो सांगत बसे. तिकडचे द्राक्षांचे मळे, दगडी पायऱ्यांची शेतं, डोक्यावर गवताचे भारे घेऊन चाललेल्या बाया. "तुमच्यासारक्याच. कुनी काय इचारलं की तोंड वळवून हसायच्या."

"तुमी काय इचारलं त्यास्नी?"

"पानी."

"आनि?"

"पानीच." जरा थांबून तो म्हणाला, "आनि इचारायचं ते हितं यीस्तवर राखून ठिवलं."

सुला भाकरीचं फडकं झाडून उठली. घरी जाताना ती नेहमीच्या वाटेनं न जाता बांधाबांधानं, लांबून गेली.

नाथाजीच्या ध्यानात ते आलं. तात्याबांच्याही आलं. "पोरगा कामाचा हाय," तात्याबा एकदा जेवताना म्हणाले. "अकितीला त्याच्या घरच्यास्नी बोलवू. सुपारी फोडू." अकिती म्हणजे अक्षय्य तृतीया, अवघे नऊ दिवस उरले होते. सुलाची तव्यावरची भाकर करपली.

*

त्या घरात एक गोष्ट बाहेरच्या माणसासमोर कधी निघत नसे.

दोन वर्षांमागं, लढाई चालू असताना, इटलीहून एक कार्ड आलं होतं. नाथाजीनं धाडलेलं नव्हतं, कुणा सोबत्यानं लिहिलेलं. त्यात होतं, 'परवाचे रात्री आपला नाथाजी कामी आला. आपण त्याचा अभिमान धरावा.' त्याखालच्या दोन ओळी आणि लिहिणाऱ्याचं नाव सरकारी तपासनिसानं काळ्या शाईनं खोडलेलं होतं. लढाईच्या दिवसांत जागेचा नि पलटणीचा मागमूस लागू नये, म्हणून तसं करत.

कार्ड वाचलं शेजारच्या लालासाहेबांनी. त्यांना पोवाडे तोंडपाठ. लढाईच्या गोष्टीत 'अमुक सरदार कामी आला' असं म्हणतात, तेव्हा तो रणात पडला असा अर्थ घ्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि डोक्याचं पागोटं काढलं.

घरात रड उठली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तरी कुणाला शंका आली नाही. चंद्राबाईनं अन्न सोडलं, तापानं धरलं, आणि दीड महिन्यात ती गेली. ती गेल्यावर बाविसाव्या दिवशी नाथाजीनं कुणाकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. दवाखान्यातून. पाय बरा होत आला होता.

जिवंत माणसाचा दहावा झाला, तर तो परत आल्यावर त्याला नव्यानं जन्माला घालतात. नाथाजी घरी आला, तेव्हा मिशा असलेल्या त्या गड्याचं पुन्हा बारसं झालं. बायांनी कानात तेच नाव सांगितलं. गाव हसलं आणि रडलंही, कारण ज्या मांडीवर त्याला घ्यायचं, ती मांडीच घरात नव्हती. मावशीनं घेतलं.

अशा माणसाला मुलगी द्यायला लोक बिचकतात. म्हणून घरातल्यांनी नि गावानंही ठरवलं, की आई तापानं गेली, एवढंच सांगायचं. तात्याबा तेवढे अधूनमधून स्वतःशीच म्हणत, "त्यो कारड लिवनारा एकदा म्होरं आला पायजे. मला त्याला एकच इचारायचं हाय."

काय विचारायचं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

*

अकितीला पाच दिवस होते. सुला दरडीवर गेली, तेव्हा कृष्णात पंप उघडून बसला होता. शेजारी सामानाची लाकडी पेटी. झाकणावर त्यानं खडूनं लिहिलं होतं, 'या पेटीतील सामान कामी आले.'

सुला चौथीपर्यंत शिकलेली. तिनं वाचलं आणि तिला हसू फुटलं. "कंच्या लढाईत?"

"कसली लढाई?"

"कामी आलं म्हंजे मेलं की."

"छ्या. कामी आलं म्हंजे कामाला आलं. पंपाला लागलं सगळं, पेटी मोकळी हाय." तो जरा ऐटीत म्हणाला, "ह्ये शुद्ध लिवनं हाय. मी पलटनीत लिवायला शिकलो. हवालदारसाहेब म्हनायचे, बोलावं कसंबी, पन कुनाच्या घरी पत्र धाडताना शुद्ध लिवावं."

सुला अजून हसतच होती. मग तिची नजर पुन्हा अक्षरांवर गेली. प्रत्येक शब्दाची वरची रेघ शेवटी खाली वळलेली होती, गळाच्या आकड्यासारखी.

ती हसायची थांबली.

"काय झालं?"

"काय न्हाई... ऊन लागलं."

घरी आल्यावर तिनं आईची ट्रंक उघडली. कार्ड तळाशी होतं. 'नाथाजी'च्या डोक्यावरची रेघ पुढं जाऊन खाली वळली होती. 'कामी'ची वळली होती. 'अभिमान'ची वळली होती.

नाथाजी विहिरीवर बैल धूत होता. सुलानं त्याच्यापुढं कार्ड धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"कळलं तुला?"

"तुला ठावं व्हतं?"

"डेपोत भेटला तवा त्यानंच इचारलं, माजं कारड पोचलं का घरी. मी पोचलं म्हनलं. त्याच्या म्होरं माजं तोंड उचललं न्हाई."

"आनि त्यालाच घरात आनलास?"

नाथाजी विहिरीच्या काठावर बसला. "त्या रातीला त्यानं मला पाठीवर टाकून तीन मैल आनला, सुला. मला दवाखान्यात टाकलं, आनि दोन दिसांनी कंदिलापाशी बसून घरी चार वळी लिवल्या. आय काळजी करंल म्हनून. त्याला काय बोलू मी? आनि आयला काय सांगू?"

*

दोन दिवस सुला मळ्यात गेली नाही. दारं कोंडीबानं धरली, आणि निम्मे वाफे फोडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजन बंद झाल्यावर ती दरडीवर आली. कृष्णात उठून उभा राहिला. "माजं काय चुकलं का?"

तिनं कार्ड त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते ओळखलं, आणि त्याच्या तोंडावर आधी आनंद आला... जुनी वस्तू सापडावी तसा. ते बघणं सुलाला फार जड गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. लालासाहेबांचं पागोटं, दहावा, आईचा ताप, बाविसावा दिवस. काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही.

तो खाली बसला. नदीकडं बघत राहिला.

"मी 'लय कामाला आला' असंच लिवनार व्हतो," तो म्हणाला. "मंग वाटलं, गडी गावंढळ हाय म्हनतील. म्हनून... शुद्ध लिवलं."

सुलाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. "तात्याबांना ठावं न्हाई. मी आनि दादा बोलनार न्हाई. कारड चुलीत घालते. परवा अकिती हाय—"

"तुला माजा राग न्हाई?"

"हाय. आनि तुज्याबिगार दोन दिस मला अन्न ग्वाड लागलं न्हाई. दोन्ही हाय. मी काय करू?"

तीही त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. दोघांच्याही ते ध्यानात आलं, पण त्यावर हसण्याची ती वेळ नव्हती.

"तवा मी न कळता लिवलं," कृष्णात म्हणाला. "आता कळून गप बसलो, तर त्येचं नाव काय? तात्याबांच्या ताटाला ताट लावून मी जेवू कसा?"

"ते तुला हाकलून देतील. इंजन हितनं हलवावं लागंल. तुमा तिघांचा सगळा डाव मोडंल."

"व्हय."

"आनि मी?"

तो उठला. कार्ड त्यानं सदऱ्याच्या खिशात घातलं, वरचं बटण लावलं. "तू मला आज सांगितलंस. न सांगता बी ऱ्हाता आलं असतं तुला." तो दोन पावलं गेला आणि वळला. "तेवढं जरी माज्या हातनं आज झालं न्हाई... तर मी तुज्या जोगा न्हाई."

*

तात्याबा ओसरीवर दोरखंड वळत होते. कृष्णात पायरीखाली उभा राहिला आणि त्यानं एका दमात सांगितलं. नाथाजी दाराशी होता. सुला आत, चौकटीला धरून.

दोरखंड वळणारे हात थांबले. तात्याबांना डोळ्यांनी आता नीट दिसत नसे. ते आवाजाच्या दिशेनं बघत राहिले.

"कारड हाय?"

"हाय."

"त्या काळ्या रेगांखाली काय व्हतं?"

कुणालाच आधी कळलं नाही. तात्याबा पुन्हा म्हणाले, "दोन वळी सरकारनं खोडल्या. दोन साल मी इचार करतोय, काय असंल त्यात. चंद्राबी तेच इचारायची. उनात धरून बगायची कारड. काय लिवलं व्हतंस?"

कृष्णातला कार्ड बघायची गरज पडली नाही. "आमी डोंगरावर व्हतो. तीन दिस वर पानी चढलं न्हवतं. खाली पंपावर तोफा लागल्या व्हत्या. नाथाजी सरपटत गेला, पंप चालू केला आनि पायात तुकडा घुसला तरी हात काढला न्हाई. चाळीस मानसं त्या पान्यावर जगली. मी त्यातला." त्यानं कार्ड काढून पायरीवर ठेवलं. "एवढं कारडावर मावलं न्हाई. वळी अशा व्हत्या... 'त्याचे पायास लागले आहे, जिवास धोका नाही. अमुक गावच्या दवाखान्यात आहे, दोन महिन्यांत चालेल. शुद्धीवर आला की आईची आठवण काढतो.'"

तात्याबांनी दोरखंड मांडीवरून खाली ठेवला.

"परत म्हन," तात्याबा म्हणाले.

त्यानं परत म्हटलं.

"मोट्यानं म्हन. आतल्या खोलीपातूर जाऊ दे."

आतल्या खोलीत चंद्राबाईनं शेवटचे दिवस काढले होते. कृष्णातनं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, त्या दोन ओळी म्हटल्या.

तात्याबा उठले, काठी घेतली आणि मळ्याकडं निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातनं आपली वळकटी बांधून इंजनाच्या छपरात ठेवली होती. कोंडीबानंही ठेवली. "दोगं संगं आलो, संगंच जाऊ. पन आदी तेवढा ऊस भिजू दे," असं म्हणून त्यानं तेलाचं डबडं उचललं. उसाची पाळी चुकवायची नाही, एवढं दोघांनी ठरवलं होतं. इंजन धडधडलं, पाटाला पाणी आलं, आणि सुला फावडं घेऊन दाऱ्यावर उभी राहिली. ती मान वर करत नव्हती.

तात्याबा बांधाबांधानं चाचपत आले. रात्रभर त्यांचा डोळा लागलेला दिसत नव्हता. त्यांनी पाण्यात पाय बुडवला, तसेच उभे राहिले, आणि मग दरडीकडं कपाळावर हात धरून बघू लागले.

"इंजनापाशी कोन उभं हाय गं? मला वळकू येईना."

सुला सांगणार होती. आजवर ती त्याचं नाव घेऊनच सांगायची, घरात, मळ्यात, कुणाही समोर. तिनं तोंड उघडलं... आणि ते नाव काही तिच्या ओठांवर येईना. तिच्या आईनं तात्याबांचं नाव जन्मात कधी घेतलं नव्हतं. सुलानं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"त्ये हायती," ती म्हणाली.

"त्ये म्हंजे कोन?"

पाणी वाफ्याच्या कडेवरून सांडायला लागलं, तरी तिचं फावडं हललं नाही.

तात्याबांनी तिच्याकडं वळून पाहिलं. त्यांना तिचं तोंड दिसलं नसेल, पण डोक्यावर ओढलेला पदर दिसला असावा. त्यांनी पाण्यातला पाय बाहेर काढला.

"सुला," मग ते म्हणाले, "न्याहारीची येळ झाली. त्यास्नी घरी बोलीव."

कालपर्यंत ते त्याला 'त्यो' म्हणत होते.